पेटीत न पडलेली चिठ्ठी

२२ एप्रिल २०१६

अर्नेस्टिन,

तुझं बिडाचं भांडं माझ्याकडे राहिलंय. चार वर्षं होत आली. गंज चढू दिलेला नाही, दर महिन्याला तेलाचा हात फिरवते. भांड्याचं निमित्त काढून लिहितेय हे तुला पहिल्या ओळीतच कळणार, म्हणून मीच सांगून टाकते.

न्यू ऑर्लिन्सच्या अपील कोर्टाचा निकाल तू वाचलाच असशील. आम्हाला तो आमच्या वकिलाने, ड्युप्लांटिसने, अंगणात वाचून दाखवला. शेरीफच्या कचेरीतली माणसं सॉसेज आणि बिअर घेऊन आली होती. मी कुणाला बोलावलं नव्हतं. ड्युप्लांटिस एका हातात कागद आणि एका हातात भाजलेली फासळी धरून वाचत होता, आणि तुझ्या पोराच्या नावावर सॉसचा थेंब पडला तो त्याने अंगठ्याने पुसला. तेव्हापासून मला तो माणूस डोळ्यांसमोर नको झालाय.

तीन न्यायाधीश. दोघांचं म्हणणं असं की तुझा मार्सेल आजारी आहे हे माझ्या रोलंडला ठाऊक होतं याचा एकही पुरावा नाही, कारण आजारी कैद्याने नर्सला लिहायची चिठ्ठी तिच्या पेटीत पडलेलीच नव्हती. आणि समजा ठाऊक असतं, तरी नेमकं असंच प्रकरण याआधी कुठल्या कोर्टाने चूक ठरवलेलं नाही, तेव्हा तुरुंगावरच्या पहारेकऱ्याला ते चूक आहे हे कळायचं कसं? म्हणून त्याला कायद्याचं कवच. दावा संपला. तिसरी बाई होती, तिने वेगळं लिहिलं. ते ड्युप्लांटिसने वाचलं नाही, मी नंतर पानं उलटून वाचलं. ती विचारते, पेटी गजांबाहेरच्या भिंतीवर, माणूस कुलूपबंद कोठडीत, तर त्याचा हात पेटीपर्यंत पोचायचा कसा ते कुणी सांगेल का?

कसा पोचतो ते मी सांगू शकले असते. चिठ्ठी दाराखालून सरकवायची आणि पहाऱ्यावरच्याने उपकार म्हणून ती पेटीत नेऊन टाकायची. नियमात कुठे नाही. सगळे करतात.

सगळे गेल्यावर ड्युप्लांटिसने रोलंडच्या पाठीवर थाप मारली. म्हणाला, "निकाल बारा एप्रिलला वहीत चढला. आता वर्षभरात आभाळातून एखादा लपलेला कागद पडला तरच हे पुन्हा उघडेल. आणि आभाळातून फक्त पाऊस पडतो, रोलंड!" रोलंड हसला नाही.

मार्सेल आत होता त्या मंगळवारी तू फोन केलास, तेव्हा मी म्हटलं होतं, रोलंडला सांगते. सांगितलं होतं गं मी. एवढं तरी खरं मान.

भांडं कुठे आणून देऊ ते कळव.

ओडेट


९ जून २०१६

अर्नेस्टिन,

पत्र परत आलं. पाकीट फोडलंही नाहीस. 'परत' हा शब्द तुझ्या अक्षरात, शाळेच्या कोठीत डब्यांवर लिहायचीस तसा ठसठशीत. चुकून मला बरं वाटलं. आता लिहून ड्रॉवरमध्ये ठेवणार आहे. न बोलता राहायची मला सवय नाही, आणि ज्यांच्याशी बोलावं अशी दुसरी माणसं मी जोडलीच नाहीत.

शाळेच्या स्वयंपाकघरात तुझ्या जागी आलेली पोरगी गोड आहे आणि तिच्या हाताला चव नाही. पावाचं पीठ ती घड्याळ बघून फुगवते. सोमवारच्या राजम्यात परवा तिने दालचिनी घातली. मुलांनी ताटं तशीच परत पाठवली. मला तुझी आठवण येऊन इतका राग आला की मी कोठीत जाऊन उभी राहिले.

रोलंडबद्दल तुला ऐकायचं नसणार, पण मी लिहिणार. निकाल लागल्यापासून त्याने घरातली दारं काढली. आधी न्हाणीघराचं काढलं. म्हणाला, बिजागऱ्या कुरकुरतात. मग झोपायच्या खोलीचं, मग मागच्या कोठीचं. सगळी गॅरेजमध्ये भिंतीला टेकवून ठेवलीत. मी आंघोळीला जाताना चादर बांधते. बेचाळीस वर्षांच्या संसारात आता ही मजा. "अहो, पाहुणे आले तर?" म्हटलं, तर म्हणाला, "कोण येतंय आपल्याकडे?" तेही खरंच.

आणि शर्टांचे छातीवरचे खिसे उसवायला लावले. सगळ्या शर्टांचे. मंगळवारी धुणं काढलं, वाळवलं आणि बसून एकेक खिसा उसवला. माझा धुण्याचा वार मंगळवार, तुला ठाऊकच आहे, त्यात लग्नापासून बदल नाही. खिशांचे चौकोन आता कापडावर गडद दिसतात. खिसा नसूनही खिसा दिसतो.

ओडेट


१८ जुलै २०१६

अर्नेस्टिन,

मार्सेलला जाऊन आज चार वर्षं झाली. आजच्याच दिवशी तू दुकानात भेटावीस! मी भेंडीच्या खोक्याशी वाकले होते आणि समोरून तुझे हात आले. चेहऱ्याआधी मी हात ओळखले. वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात तुझी बोटं पांढरी पडलीत.

तू म्हणालीस, "ती जून आहे, घेऊ नकोस."

चार वर्षांनी पहिलं वाक्य, तेही भेंडीबद्दल. मला रडू येईल म्हणून मी म्हटलं, "भांडं घेऊन जा गं बाई, माझी अडगळ होतेय."

"ठेव तुझ्याकडेच. माझ्याकडे आता मोठा स्वयंपाक कुणासाठी व्हायचाय?"

मग तू माझ्याकडे नीट पाहिलंस. मला वाटलं आता थप्पड बसणार. बसली असती तर सोपं गेलं असतं.

"एकच विचारते. वकिलांचं मरू दे. तू रोलंडला सांगितलं होतंस ना?"

"सांगितलं होतं."

"काय म्हणाला तो?"

"आठवत नाही."

"आठवत नाही," तू म्हणालीस. "वीस वर्षं दुरून वास घेऊन सांगायचीस, 'अर्नेस्टिन, मीठ राहिलं.' आणि हे आठवत नाही?"

मागून म्हातारा पावेल ढकलगाडी घेऊन खोळंबला होता. "बायांनो, भेंडीचं लग्न लावताय का? सरका पुढे." एरवी आपण दोघींनी मिळून त्याची सालं काढली असती. तू निघून गेलीस. मी ती जून भेंडी घेऊन घरी आले आणि शिजवली. चिवट होती.

तुझ्या वकिलीण बाईने, मिस पेटिटने, साक्षीच्या वेळी मला हेच विचारलं होतं. तेव्हा ड्युप्लांटिसने मध्येच म्हटलं, नवरा-बायकोतलं बोलणं विचारता येत नाही. मी मान खाली घालून बसले. ती मान खाली गेली ती गेलीच. 'आठवत नाही' म्हणायची कला मी तिथे शिकले.

मार्सेल मला मावशी म्हणायचा ते दिवसभर कानात आहे. आपल्या परगण्यात माझ्या रंगाच्या बाईला तुझ्या रंगाचं पोर सगळ्यांसमोर मावशी म्हणतं हे काही लोकांना खुपायचं, आणि म्हणून तो मुद्दाम मोठ्याने म्हणायचा. "ओडेट मावशी, पाव जळतोय!" पाव कधी जळत नसायचा.

ओडेट


३० ऑक्टोबर २०१६

अर्नेस्टिन,

आज लिहायचंच असं ठरवून बसलेय.

चिठ्ठी होती.

मार्सेलने ती दिली होती, रोलंडने ती घेतली होती, आणि ती माझ्याकडे आहे. पाककृतींच्या पत्र्याच्या डब्यात, तुझ्या ब्रेड पुडिंगच्या कागदामागे. डबा आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहे.

झालं ते असं. रविवारी त्याला रस्त्यात अडवून नेलं, कोर्टाची तारीख चुकली म्हणून. सोमवारी सकाळी तू इन्सुलिन घेऊन तुरुंगाच्या दाराशी गेलीस आणि बाहेरचं औषध चालत नाही म्हणून तुला परत पाठवलं. सोमवारी दुपारी त्याने औषधासाठी दार बडवलं, म्हणून त्याला वेगळ्या कोठडीत कुलूपबंद केलं. हे सगळं तुला ठाऊक आहे. पुढचं नाही. त्या संध्याकाळी रोलंड कामावर गेला. मार्सेलने दाराखालून चिठ्ठी सरकवली. रोलंडने उचलली, छातीच्या खिशात ठेवली, पेटीकडे जायचं म्हणून. तेवढ्यात दुसऱ्या टोकाला मारामारी लागली. मग मोजणी आली, मग पाळी बदलली, आणि चिठ्ठी शर्टात बसून आमच्या घरी आली.

तुरुंगात पेन देत नाहीत, बोटाएवढी पेन्सिल देतात. शाई असती तर धुण्यात वाहून गेली असती. पेन्सिल जात नाही. पिवळा कागद, चार घड्या, घडीवर थोडा फाटलाय. बाकी अक्षर न् अक्षर जागेवर आहे.

मला ती गुरुवारी सापडली. मार्सेल बुधवारी पहाटे गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी. तेव्हा व्हायचं ते होऊन गेलं होतं. रोलंडने मला विचारलं, "शर्टात काही होतं का?" मी म्हटलं, "नाही." का म्हटलं ते आजही नीट सांगता येत नाही. त्याचा चेहरा तसा होता. मग त्याने तेच कोर्टात शपथेवर सांगितलं, मला कुणीही चिठ्ठी दिली नाही. माझं 'नाही' त्याने उचललं आणि कायद्याच्या पुस्तकात नेऊन ठेवलं.

चार ओळी आहेत. तीन लिहिते.

मार्सेल झेनो, कोठडी सहा, सोमवार.
रविवारपासून इन्सुलिन नाही.
ओकतोय, दम लागतो, कृपा करून नर्सला बोलवा.

निकालाचं वर्ष संपायला साडेपाच महिने आहेत. हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही, हे मला लिहितानाच माहीत आहे. चिठ्ठी तुझी आहे. ती तुझ्या हातात जावी की माझ्या नवऱ्याने खोट्या शपथेसाठी म्हातारपणी त्याच तुरुंगाची हवा खावी, एवढाच हा प्रश्न आहे, आणि मी रोज सकाळी त्याला अंडी तळून घालते.

ओडेट


२१ जानेवारी २०१७

अर्नेस्टिन,

तुझी ब्रेड पुडिंगची कृती मी जाळली. रागावू नकोस. ऐक.

परवा दुपारी जेवताना रोलंडने चमचा खाली ठेवला. म्हणाला, "ओडेट, त्या धुण्यात काही मिळालं होतं ना?"

"तेव्हाच सांगितलं होतं, नाही म्हणून."

"तुझं 'नाही' फार लवकर आलं होतं. तुला कांदे आहेत का विचारलं तरी तू आधी टोपलीत बघतेस."

साडेचार वर्षं तो हे पोटात ठेवून बसला होता. मी म्हटलं, मिळालं होतं.

त्याने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "मी वाचली नव्हती. घडीच उघडली नव्हती गं. शपथ." मी म्हटलं, एक शपथ घेऊन झालीय, आता दुसरी नको. त्यावर तो टेबलावर हात आपटून ओरडला, "जाळ ती! माझ्यासमोर जाळ!"

मी डब्याकडे गेले. तुझी कृती शाळेच्या कोठीतल्या मागणीच्या कागदावर होती, तोही पिवळाच असतो, आणि तूही चार घड्या घालायचीस. त्याला चष्म्याशिवाय काय कळणार! मी तुझा कागद शेगडीवर धरला. 'शिळा पाव दोन लाद्या' एवढं वाचता आलं, मग ते गेलं. मला ती कृती पाठ आहे, पण कडेला तू लिहिलं होतंस, 'ओडेटसाठी, मनुका कमी'. ते अक्षर पुन्हा मिळणार नाही.

त्याने राखेवर पाणी ओतलं आणि म्हणाला, "आता झोप लागेल."

लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी पाहिलं तर तो गॅरेजमध्ये त्या काढलेल्या दारांसमोर स्टूल टाकून बसला होता. एकेका दाराकडे बघत होता आणि बोटं मोजत होता. सहाव्यापाशी थांबला. आमच्या घरात दारं पाचच आहेत.

त्याची दया आली, अर्नेस्टिन. तुला हे वाचून संताप येईल, पण आली. आणि त्याच वेळी मला हेही कळलं की मी खरी चिठ्ठी का वाचवली. तुझ्यासाठी नाही, न्यायासाठीही नाही. ती जळली असती तर मी काय केलं ते सांगणारं या जगात काही उरलं नसतं, आणि तेवढी निर्लज्ज मी नाही.

हे वाक्य तुला कोड्यासारखं वाटेल. पुढच्या वेळी लिहीन.

ओडेट


८ एप्रिल २०१७

अर्नेस्टिन,

आज शनिवार. बुधवारी वर्ष संपतं. सोमवारी सकाळी मी शाळेत रजा टाकून मिस पेटिटच्या कचेरीत जाणार आहे. चिठ्ठी तिच्या हातात देईन, आणि ही सगळी पत्रंही, पहिल्यापासूनची, जशी आहेत तशी. त्यात मी खोटं लिहिलंय. तेही राहू दे. ती म्हणेल तिथे सही करीन, विचारेल ते सांगेन. या वेळी 'आठवत नाही' म्हणणार नाही. कवच टिकेल की जाईल, ज्युरी काय म्हणेल, ते मला कळत नाही. रोलंडने चिठ्ठी वाचली होती की नाही हे त्यांनीच ठरवावं. पण ती होती एवढं तरी कागदावर येईल.

आज सकाळी मी रोलंडला सांगितलं. म्हटलं, त्या दिवशी जळली ती पुडिंगची कृती होती. मला वाटलं आरडाओरडा करेल. त्याने खुर्ची ओढली आणि म्हणाला, "वाचून दाखव."

मी वाचून दाखवली.

"पुन्हा."

पुन्हा वाचली. तो माणूस पहिल्यांदाच ऐकत होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मी बायको आहे, माझं काय धरायचं.

मग त्याने विचारलं, "तुला कधी मिळाली?"

तुला मी गुरुवार लिहिला होता. अर्नेस्टिन, मी गुरुवारी कधी धुणं धुतलंय का?

"मंगळवारी," मी म्हटलं. "बारा वाजता."

"म्हणजे मी आत झोपलो होतो तेव्हा," तो म्हणाला. "संध्याकाळी मी परत पहाऱ्यावर गेलो, त्याच्या आधी." मी हो म्हटलं. "मला उठवायचंस ना, ओडेट." एवढंच बोलला. आवाज चढवला नाही. बाहेर गेला, गॅरेजमधून न्हाणीघराचं दार उचलून आणलं आणि बिजागऱ्या बसवायला लागला. अजून ठोकाठोक चाललीय, मी ती ऐकत लिहितेय.

का उठवलं नाही? कारण त्याला झोपेतून उठवलं की तो चिडायचा. कारण शेरीफच्या दारातल्या गोष्टी घरात आणायच्या नाहीत हा त्याचा नियम होता, आणि मी तो निमूट पाळायची. कारण मला वाटलं, त्याने नर्सला सांगितलं असेलच, चिठ्ठी उगाच खिशात राहिली असेल. कारण तिथे नर्स असते, डॉक्टर असतो, माझं कशाला अडलंय. ही सगळी कारणं खरी आहेत आणि मिळून एका पोराच्या जिवाएवढी होत नाहीत. तो बुधवारी पहाटेपर्यंत जिवंत होता. माझ्या हातात सोळा तास होते.

तू फोन केलास तेव्हा दोन वाजले होते. तू म्हणालीस, "ओडेट, माझं पोर त्याच्या औषधाशिवाय आहे, रोलंडला तेवढं विचार." मी म्हटलं, "काळजी करू नकोस, सांगते त्याला." मी सांगितलं नाही. मी कधीच सांगितलं नाही. तो पाच वाजता उठला, मी त्याला जेवायला वाढलं, आणि धुतलेला शर्ट हातात दिला.

कोर्टाने चार वर्षं एकच गोष्ट तपासली, रोलंडला ठाऊक होतं का. मला ठाऊक होतं. पण मला ठाऊक होतं का, हे कुणी विचारलंच नाही, आणि माझ्यासाठी कुठलं कवचही नाही.

तू मला क्षमा करावीस असं मी लिहिणार नाही. भांडं मिस पेटिटकडे ठेवते. ते तुझं आहे.

चौथी ओळ राहिली. मार्सेलने खाली लिहिलं होतं, 'औषध माझ्या आईकडे आहे, तिला फोन करा,' आणि पुढे तुझा नंबर. मला तो पाठच होता. तू फोन केलास तेव्हा तोच नंबर फोनच्या पडद्यावर उमटला, आणि चिठ्ठी त्याच्याच शेजारी खिडकीत वाळत होती.

ओडेट